गुरुवारचं पाणी आणि प्यादेमात

"आवो, मोबाइलकडं नका बघू. माझ्याकडं बघा."

मल्हारीनं बघितलं. बानाबाई गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं नवं लुगडं नेसून, पिशवी काखेला मारून दारात उभी होती. गंगापूरला भाचीच्या पोराचं बारसं होतं आणि चौकात जीप भरत आली होती. तरी ती हलत नव्हती.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"गुरुवारी काय येतं?"

"पाणी येतं. मला काय शाळंत बसवलंस काय?"

"आलं की काय करायचं?"

"मोटार लावायची, पाइप हौदात सोडायचा आन् हौद भरंस्तोवर तिथून हलायचं नाय."

"आन् मोबाइल?"

मल्हारीनं छताकडं बघितलं.

"आवो, मोबाइल?"

"देवळीत ठेवायचा," तो म्हणाला. हे बोलताना त्याला दाढ काढल्यासारखं झालं.

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं, तेही चाळीस मिनिटं. आठ दिवसांचं पिणं, धुणं, अंघोळी, पाहुणेरावळे, सगळं त्या चाळीस मिनिटांत. गल्लीतली माणसं लेकीबाळींच्या साखरपुड्याची तारीखसुद्धा पाण्याचा वार बघून धरतात. आणि गेल्या गुरुवारी ती चाळीस मिनिटं मल्हारीनं मोबाइलवर बुद्धिबळ खेळण्यात घालवली होती. हौद कोरडा ठणठणीत राहिला. मग आठ दिवस बानाबाईनं समोरच्या रामकिसनच्या घरून घागरीनं पाणी वाहिलं. घागरीबरोबर रामकिसनच्या बायकोचे, सरिताचे टोमणे फुकट मिळाले.

आज सकाळी बानाबाईनं नवऱ्याला देवघरापुढं उभं केलं, खंडोबाच्या टाकापुढचा भंडारा त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोलायला लावलं, "पुन्हा पाणी हुकलं तर मोबाइलमधला पट काढून टाकीन आन् जल्मात बुद्धिबळाला हात लावणार नाय." भंडारा उचलून दिलेला शब्द धनगराच्या घरात कुणी मोडत नाही. मोडला तर खंडोबा बघून घेतो, आणि खंडोबाच्या आधी बानाबाई.

"ध्यानात हाय ना?"

"हाय गं बाई. जा आता, जीप जाईल."

ती गेली. मल्हारीनं मोबाइल देवळीत ठेवला, नळाला मोटार जोडली, पाइपाचं एक टोक हौदात सोडलं आणि ओट्यावर बसून नळाकडं बघत राहिला.

आता मल्हारीच्या बुद्धिबळाचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं काढून तो रिटायर झाला, तेव्हा त्याच्या पोरीनं, सायलीनं, पुण्याहून नवा मोबाइल पाठवला आणि त्यात बुद्धिबळाचा पट घालून दिला. त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मल्हारी साडेचार हजार डाव खेळला. त्या पटावर प्रत्येक खेळणाऱ्याला मार्क असतात. जिंकलं की वाढतात, हरलं की उतरतात. मल्हारीचे चार वर्षांपूर्वी सहाशे होते, आज सहाशे बारा आहेत. म्हणजे वर्षाला तीन मार्क. शेजारचा संघपाल क्लासमध्ये गणित शिकवतो. त्यानं हिशेब करून सांगितलं होतं, "काका, याच स्पीडनं गेलात तर हजाराला पोचायला आणखी एकशे तीस वर्षं लागतील."

"मग लागू दे. मला कुठं जायचंय?" मल्हारी म्हणाला होता.

त्याला खेळ येत नव्हता असं म्हणाल तर जीभ झडेल. डाव तो झकास लावायचा. समोरच्याला पार टेकीला आणायचा. घोडं अडायचं ते शेवटच्या चालीला. मल्हारीचा बाप वेरूळच्या डोंगराकडेला मेंढरं राखायचा आणि दुपारी मेंढरं सावलीला बसली की सपाट खडकावर कोळशानं पट आखून, गारगोट्यांची मोहरी करून पोराला खेळायला बसवायचा. बापाचं एकच सांगणं होतं. "वजिरानं कुणीबी मारतंय. प्याद्यानं मारशील तर गडी." सगळ्यात हलकं मोहरं म्हणजे प्यादं. त्या प्याद्यानं राजाला शह द्यायचा आणि तिथंच डाव संपवायचा, ही प्यादेमात. जुन्या खेळात तिच्याएवढा मान दुसऱ्या कशाला नव्हता. बापानं जन्मात ती तीनदा केली, त्यातली एक वेरूळच्या यात्रेत, एका मास्तरांवर, शंभर माणसांदेखत. मास्तर पुढची तीन वर्षं यात्रेला फिरकले नाहीत म्हणतात.

तर मल्हारीनं वजिरानं मात करणं कायमचं सोडून दिलेलं होतं. एका चालीत डाव संपत असला तरी तो वजिराला हात लावायचा नाही. मागून कुठून तरी प्यादं चालवत आणायचा. तेवढ्यात समोरचा निसटायचा, नाही तर वेळ संपायची. चार वर्षांत मोबाइलवर त्याची एकही प्यादेमात झाली नव्हती. होता होता मात्र अकरा वेळा राहिली होती.

त्याच्या बाकीच्या रीतीही अशाच. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं टाकायची मुभा असते, पण मल्हारी एकच टाकायचा. "मेंढरू काय पहिल्याच पावलाला उडी मारतं व्हय?" लोक आपला राजा कोपऱ्यात किल्ला करून लपवतात. मल्हारीचा राजा प्याद्यांबरोबर रणात. "कळप पुढं आन् धनगर घरात, असं कुठं असतंय?"

"काका, एकदा फक्त वजिरानं मारून बघा ना," संघपाल हात जोडायचा. "धडाधड मार्क वाढतील."

"मार्क काय चाटायचेत?"

यापुढं गणित चालत नाही.

तर गुरुवार. चार वाजले, सव्वाचार वाजले. ऊन असं की ओट्याची फरशी बूड भाजत होती. नळ साधा खोकलासुद्धा नाही. मल्हारी एकदा नळाकडं बघायचा, एकदा देवळीकडं. साडेचारला त्यानं मनाशी विचार केला. भंडारा कशाचा उचललाय? पाण्याचा. पाणी हुकवायचं नाय असं बोललोय. पाणी नसताना खेळायचं नाय असं कुठं बोललोय? खंडोबाला न्याय कळतो.

झालं. मोबाइल देवळीतून हातात आला आणि दोघांना तीस-तीस मिनिटांचा डाव लागला. समोरच्याच्या नावापुढं पिवळ्या-हिरव्या रंगाचा कुठल्या तरी मुलखाचा झेंडा होता. मार्क सहाशे चाळीस. मल्हारीनं कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवून रामराम केला.

डाव रंगला. झेंडेवाला हावरट निघाला. एका प्याद्यापायी त्यानं आपला वजीर पार आत घातला आणि मल्हारीच्या घोड्यानं तो टिपला. मग एक हत्ती गेला. पंधरा मिनिटांत झेंडेवाल्याचा राजा उघडा पडला आणि मल्हारीचा वजीर त्याच्यापासून एका चालीवर येऊन उभा राहिला. एकदा बोट लावलं की मात.

आणि नेमकं तेव्हाच गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "पाणी आलंऽऽऽ!"

तुमच्याआमच्यासारख्या माणसानं काय केलं असतं? बोट लावलं असतं, डाव संपवला असता आणि मोटारीकडं गेला असता. अर्ध्या सेकंदाचं काम. मल्हारीनं वजिराकडं बघितलं. मग तीन घरं मागं असलेल्या आपल्या प्याद्याकडं बघितलं. घड्याळ टिकटिकत होतं, नळ फुरफुरायला लागला होता, तळहाताला अजून सकाळच्या भंडाऱ्याचा पिवळा डाग होता.

"नाय म्हंजे नाय," तो मोठ्यानं म्हणाला. "वजिरानं मारणार नाय. पाणीबी भरतो आन् प्यादेमातबी करतो. बघू कोण काय करतंय."

मोबाइल तसाच ओट्यावर ठेवून तो मोटारीकडं धावला. बटण दाबलं. मोटार घूं घूं करायला लागली, पण पाणी ओढेना. हवा धरली होती. मल्हारीनं झाकण उघडून तांब्यानं पाणी ओतलं, पुन्हा लावली, पुन्हा हवा. परत ओतलं. कोपरापर्यंत भिजला, बनियन भिजलं, तेव्हा कुठं तिसऱ्या खेपेला मोटारीनं पाणी धरलं. पाइप सापासारखा वळवळला आणि हौदात धो धो धार पडायला लागली. मल्हारीला बरं वाटलं. बानाबाईचं काम मार्गी लागलं होतं.

तो परत मोबाइलकडं आला. त्याच्या घड्याळात बारा मिनिटं उरली होती. प्यादं पुढं टाकायचं म्हणून त्यानं बोट टेकवलं. ओलं बोट. मोबाइल ओल्या बोटाला जुमानत नाही. त्यानं पुन्हा दाबलं. हातावरून एक थेंब पटावर पडला, बोट घसरलं, भलतंच मोहरं उचललं गेलं. बघतो तर त्याचा वजीर उठून नेमका झेंडेवाल्याच्या हत्तीपुढं जाऊन उभा. जसा काही मुंडकं पुढं करून म्हणतोय, घे. झेंडेवाल्यानं घेतला आणि वर एक तोंडाचा आ वासून हसणारा पिवळा चेहरा पाठवला.

"गेलाऽऽऽ!" मल्हारी ओरडला. "गेला रे देवा, गेलाऽऽऽ!"

ओले हात, चालू मोटार आणि असली किंकाळी. गल्लीनं काढायचा तोच अर्थ काढला. समोर रामकिसन आपल्या मोटारीचं बटण दाबायला निघाला होता, तो तसाच वळला, कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि "मल्हारीला करंट लागला, करंट लागलाऽऽऽ!" म्हणत धावत आला. करंट लागलेल्याला हातानं धरायचं नसतं, लाकडानं सोडवायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मल्हारीच्या दंडावर दोन सणसणीत हाणल्या.

"आरं मारतो कामून? आई गंऽऽ!"

"सुटला! सुटला!" रामकिसन म्हणाला.

तोवर सरिता रबरी चप्पल घेऊन आली. संघपाल कुंपणावरून उडी मारून आला आणि भिंतीवरच्या बटणाकडं झेपावला. "मेन बंद करतो, काका!"

"मोटारीला हात लावायचा नाय!" मल्हारी गरजला, तसे सगळे जागच्या जागी थांबले. "मला काय झालेलं नाय. वजीर गेला."

"कोण वजीर?" रामकिसननं विचारलं. तुमच्या पाहुण्यातला का, असंही तो विचारणार होता. मल्हारीनं मोबाइल दाखवला. रामकिसनच्या तोंडावर माणूस वाचल्याचा आनंद कमी आणि धावपळ वाया गेल्याचा राग जास्त दिसला. "ह्याच्यापायी मी मोटार सोडून आलो व्हय? चाललो मी."

"थांब. हात कोरडा हाय का तुझा?"

"हाय. मग?"

"बोट दे."

"आँ?"

"माझा हात ओला हाय, बनियन ओलं हाय, मोबाइल ऐकंना. बोट दे तुझं. एकच चाल. काठीनं हाणलंस, त्याची तरी भरपाई कर."

हे रामकिसनला लागलं. त्यानं बोट दिलं. मल्हारीनं त्याच्या मनगटाला धरून ते बोट प्याद्यावर आणलं, एक घर पुढं नेलं. झेंडेवाल्यानं चाल केली आणि पुन्हा तो पिवळा हसरा चेहरा पाठवला.

"हे कोण हसतंय?" रामकिसननं विचारलं.

"तो झेंडेवाला."

"कुणाला हसतंय?"

"आपल्याला."

"आपल्याला?" रामकिसनची मान ताठ झाली. रामकिसन तसा गरीब माणूस. पण मेहुण्याच्या लग्नात फेटा सुटला म्हणून जो हसला, त्याच्याशी तो बावीस वर्षं बोललेला नव्हता. त्यानं शर्टाला बोट पुसलं आणि ओट्यावर मांडी घातली. "मार त्याला. कुठं टेकवू सांग."

"आता ते डावीकडचं प्यादं. एक घर."

"हत्तीनं घे ना तो घोडा! समोर दिसतोय."

"रामकिसन, डाव माझा हाय. बोट तुझं. बोटानं डोकं चालवायचं नसतं."

संघपाल मागून वाकून बघत होता. त्यानं भराभर हिशेब केला. "काका, वजीर गेलाय. हत्ती मधे आणा, समोरचं मोहरं मोहऱ्यावर मारा, डाव बरोबरीत सुटेल. सेफ आहे एकदम."

"बरोबरी?" मल्हारीनं त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं चष्मा काढून पुसला. "मला हसतंय ते. आन् मी त्याच्याकडं बरोबरी मागू? व्हय?"

"आवो!" सरितानं नवऱ्याचा खांदा हलवला. "आपली मोटार लावायची राहिली. पाणी चाललंय!"

"एक मिनिट. हे भाडखाऊ हसतंय आपल्याला."

"कोण हसतंय? बघू." सरितानं बघितलं. झेंडेवाल्यानं तेवढ्यात तिसऱ्यांदा तोच चेहरा पाठवला. "अगं आई! दात बघा मुडद्याचे! भाऊजी, सोडायचं नाय हां ह्याला."

गल्लीच्या टोकाच्या दोन घरांतल्या बायका मल्हारीला करंट लागल्याचं ऐकून बादल्या घेऊनच आल्या होत्या. मल्हारी जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी बादल्या उलट्या टाकल्या आणि त्यांवर बसल्या. एकमेकींना सांगायला लागल्या, "तो उंट, तो तिरका जातो. आन् तो आपल्या मल्हारीभाऊंचा राजा." पंधरा मिनिटांपूर्वी ज्यांना उंट बघायला जत्रेत जावं लागत होतं, त्या आता उंटाच्या चालीवर वाद घालत होत्या. कुणाच्याही ध्यानात नव्हतं की घरी नळ चालू आहे. सगळ्या गल्लीत एकच मोटार घरघरत होती.

डाव चढत चालला. मल्हारीची दोन प्यादी आणि त्यांच्यामधोमध राजा, असे तिघे पटावरून पुढं निघाले. हत्ती मागं पहाऱ्याला.

"काका, राजा इतका पुढं? मरेल ना!"

"कळप सोडून धनगर मागं राहत नसतो."

झेंडेवाल्याचा हसरा चेहरा यायचा बंद झाला. त्याचा राजा पळत पळत कोपऱ्यात शिरला. शेजारच्या घरात त्यानं आपलाच उंट आणून उभा केला, आडोशाला. मल्हारीचा राजा एक घर सोडून बरोबर त्याच्यासमोर जाऊन थांबला. मल्हारीला ते दिसलं. मागं वाट नाही, बाजूला त्याचाच उंट, समोर आपला राजा. प्याद्यानं एक पाऊल टाकायचं बाकी. अगदी हीच मांडणी बापानं त्याला एकदा खडकावर गारगोट्यांनी करून दाखवली होती.

घड्याळात तीस सेकंद होते.

"रामकिसन. राजाशेजारचं प्यादं. एक घर पुढं."

"हे?"

"तेच."

"बोट थरथरतंय रं माझं."

"श्वास घे. देवाचं नाव घे आन् टेकव."

बोट टेकलं. प्यादं उचललं गेलं, एक घर सरकलं. पट क्षणभर थांबला आणि मग सगळा उजळला. मात. प्याद्यानं. सहाशे बाराचे सहाशे वीस झाले.

गल्लीनं असा गलका केला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. संघपालनं "क्या बात है काका!" म्हणून मिठी मारली आणि स्वतः भिजला. सरितानं पडलेल्या काठीनं पत्रा बडवला. रामकिसन आपलं बोट वर धरून सगळ्यांना दाखवत होता. मल्हारीला मात्र एकदम बाप आठवला, खडकावरचा कोळशाचा पट आठवला. बाप आज असायला पाहिजे होता, असं त्याला फार वाटलं. त्यानं ओल्याच हातानं डोळे पुसले.

आनंद ओसरल्यावर सरिता घरी गेली आणि तशीच उलट्या पावली परत आली.

"पाणी गेलं."

"गेलं म्हंजे?"

"गेलं म्हंजे गेलं! नळ नुसता खर्र करतोय! चाळीस मिनिटं झाली!"

माणसं आपापल्या घरी धावली आणि एकेक करून परत आली. गल्लीत पाच घरं. त्यातल्या चार घरांनी मोटार लावलीच नव्हती. आठ दिवस, एप्रिल महिना आणि घरात थेंब नाही. आता कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं आणि फोडायला मल्हारी समोर उभाच होता.

"ह्याच्या त्या प्याद्यापायी!" रामकिसन म्हणाला. ज्या बोटानं मघाशी मात केली तेच त्यानं आता मल्हारीवर रोखलं. "नाय ते खेळ! म्हाताऱ्यानं जपमाळ घेऊन बसावं!"

"मी बोलवलं व्हतं का तुमाला?" मल्हारी उसळला. "करंट लागला म्हणून तुमी आलात. लागलाच नव्हता. आन् वर हत्तीनं मार, घोडा घे, बरोबरी कर. चाली सांगताना गोड लागत व्हतं. आन् ती प्यादेमात व्हती, ध्यानात ठेवा. पुन्हा जल्मात बघायला मिळायची नाय. तिला नावं ठेवाल तर मी ऐकून घेणार नाय!"

संघपाल मल्हारीची मोटार बंद करायला गेला. ती कोरडीच फिरत होती. जाता जाता त्यानं हौदाचं झाकण उचललं आणि तसाच वाकून राहिला.

"काका. तुमचा हौद फुल आहे."

सगळे हौदाभोवती जमले. पाणी काठोकाठ. रामकिसननं पाण्यात बोट बुडवून बघितलं, खरं आहे का म्हणून.

"पाइप सोडून मगच बसलो व्हतो मी," मल्हारी म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "बायकोला भंडारा उचलून शब्द दिलाय."

कुणी मागितलं नाही. आत्ता इतकं बोलून मागायचं कोणत्या तोंडानं? मल्हारीनं झाकण लावून घेतलं असतं तर कायद्यानं, धर्मानं कशानंच त्याला कुणी नावं ठेवली नसती. बानाबाईला भरला हौद दाखवला असता आणि आठ दिवस राजासारखी अंघोळ केली असती. त्यानं रामकिसनकडं बघितलं. गेले आठ दिवस आपल्या घरात त्याच्या घरच्या घागरी येत होत्या. आणि बोट तर त्याचंच होतं.

"आणा घागरी," तो म्हणाला. "आमच्यात पाण्याला नाय म्हणायची रीत नाय. पण आधी बोला, प्यादेमात झकास व्हती का नव्हती?"

"व्हती," सरिता म्हणाली.

"रामकिसन?"

"व्हती रं बाबा. लई झकास व्हती."

"मग लावा रांग."

बानाबाई साडेसहाला जीपमधून उतरून गल्लीत वळली, तर तिच्या दारात घागरी, बादल्या, ड्रम आणि मधे बनियनवरचा नवरा, दोरीच्या बादलीनं पाणी उपसून एकेकाला देत असलेला. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. ती हौदाकडं गेली आणि आत वाकून बघितलं. तळाला हातभर पाणी उरलं होतं.

"भरला व्हता?" तिनं विचारलं.

"काठोकाठ. ह्यांना इचार," मल्हारी म्हणाला. मोबाइल त्यानं स्वतःच काढून तिच्यापुढं धरला होता. मान खाली नव्हती. "पाणी हुकलं नाय. वाटलं. तरीबी तू काढ म्हणशील तर काढतो पट. पण हुकलं नाय, ते नाय."

मग सगळे एकदम बोलायला लागले. सरितानं करंटचं सांगितलं, संघपालनं वजिराचं, रामकिसननं आपल्या बोटाचं, ते तर दोनदा. बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं. बारशाच्या घुगऱ्यांचा डबा पिशवीतून काढून सरिताच्या हातात दिला, वाटायला.

"शब्द मोडला नाय तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "भरलं ते भरलं. दिलं ते बरंच केलं, आपण आठ दिवस तिचंच पाणी पिलो. पट राहू द्या."

मल्हारीच्या छातीवरचा दगड उतरला. मोबाइल तो खिशात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पण एक सांगा. मात केली तवा वजीर कुठं व्हता?"

"वजीर? तो गेला ना मधीच. सांगितलं की."

"मग ती प्यादेमात कसली?"

ओट्यावर घुगऱ्या खाणारी तोंडं थांबली.

"माझा बापबी मेंढरामागंच फिरला," बानाबाई म्हणाली. "मला चाल काय येत नाय, पण ऐकलेलं पाठ हाय. वजीर जित्ता असताना प्याद्यानं मारावं, ती प्यादेमात. वजीर गेल्यावर प्यादं मारणारच. दुसरं करील काय बिचारं?" मग ती लुगडं सावरत आत जायला निघाली आणि उंबऱ्यावरून वळली. "हौदाचंबी तसंच हाय. मी घरात नव्हते म्हणून भरला तुमी. मी असताना एकदा भरून दाखवा, मग सांगा लोकांना."

गल्ली इतकी हसली की रामकिसनला घुगऱ्यांचा ठसका लागला. त्याच्या पाठीत थापट्या मारता मारता संघपालसुद्धा हसत होता.

मल्हारीचे कान लाल झाले. पट वाचला होता, शब्द वाचला होता, भांडण मिटलं होतं, या कशाचाच आनंद त्याला उरला नव्हता. चार वर्षं, साडेचार हजार डाव, आणि एका वाक्यात बाईनं सगळं धुऊन टाकलं. आणि वाईट हे, की ती बरोबर बोलत होती. बाप असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं.

"आता जेवायला बसा," आतून आवाज आला. "कुठं चाललात?"

"कुठं नाय." मल्हारी ओट्यावर बसला होता. दोरीवरचा कोरडा पंचा ओढून त्यानं दोन्ही हात पुसले, मग एकेक बोट वेगळं पुसलं. "तू वाढ. आलोच. वजीर जित्ता ठेवून मारतो आता. बघच तू."

त्यानं नवा डाव लावला आणि कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढं सरकवलं.